केसरीनाथशेठ आणि त्रेसष्ट सह्या

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर काय मांडावे आणि काय मांडू नये, याविषयी शास्त्राने काही मर्यादा घातलीच असेल, तर ती केसरीनाथ केणे यांच्या वाचनात आलेली नव्हती. (भाडेकरारांवरील आकडे सोडल्यास त्यांच्या वाचनात फारसे काहीच आलेले नव्हते, पण आजच्या काळात हा दोष त्यांच्या एकट्याचा म्हणता येणार नाही.) भिवंडीजवळ वडप्याच्या ज्या खाचरांत त्यांच्या वडिलांनी जन्मभर गुडघाभर चिखलात उभे राहून भात लावला, तेथे आता पत्र्याची पाच अजस्र गोदामे उभी होती, आणि भात जेवढा वर्षातून एकदा पिके, त्याहून अधिक भाडे दरमहा पिकत होते. तेव्हा पाटावर दरवर्षी एकेका वस्तूची भर पडत गेली, ती स्वाभाविकच होती. प्रथम चांदीची नाणी आली, मग गोदामांचे करार आले, मागील वर्षी नव्या गाडीची किल्ली आली. यंदा शेठांनी ठरवले, की क्रेडिट कार्डही मांडायचे.

हे कार्ड बँकेने त्यांना दोन वर्षांपूर्वी आपण होऊन दिले होते. "कोणकोणत्या सोयी चालू ठेवू?" असे बँकेच्या माणसाने विचारले, तेव्हा शेठ म्हणाले होते, "सगला चालू ठेव. देशातला, परदेशातला, काय असंल ता." परदेश म्हणून शेठ वापी ओलांडून कधी गेलेले नव्हते; परंतु एखादी सोय आपल्यासाठी बंद आहे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. त्यानंतर ते कार्ड मखमली पिशवीत आणि ती पिशवी तिजोरीत गेली. त्याने एक सुई म्हणून कधी विकत घेतली गेली नाही.

कार्डाच्या दर्शनी बाजूला केवळ एक सोनेरी सिंह होता. शेठांचे नाव, सोळा आकडे, मुदत आणि ज्यांना गुप्त म्हणतात ते तीन आकडे, हा सारा ऐवज पाठीमागे. कमळाबाईंनी सिंह वर करून कार्ड ठेवले, ते शेठांनी तत्काळ उलटवले.

"अवो, सिंव बरा दिसत व्हता," कमळाबाई म्हणाल्या.

"सिंवाला काय करायचा हाय? नाव खाली गेला तं लक्षुमीला कलनार कसा, कोनाच्या घरी जायाचा हाय ता?"

कमळाबाईंना हे पटले. इतके पटले, की कुंकवाचे बोट टेकवताना त्यांनी एकूण एक आकडा कटाक्षाने टाळला. "नंबर झाकाया नको," त्या म्हणाल्या. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या संसारात पतीने त्यांच्या मताला इतक्या तत्परतेने मान डोलावल्याचा हा पहिलाच प्रसंग होय, आणि तो महागात पडला.

शेठांचा पुतण्या मनोज हा छायाचित्रेही काढी आणि फलकही छापी. वडप्याच्या नाक्यावर, महामार्गाकडे तोंड करून, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच असा दिवाळीचा शुभेच्छाफलक लावावयाचा होता. शेठांना पंचायत समितीची निवडणूक लढवायची होती, आणि आपल्या भागात निवडणूक लढवण्याची पहिली पायरी म्हणजे आपला चेहरा घराएवढा करून टांगणे, ही होय. शेठ नवी कोरी पैठणी किनार असलेले उपरणे घेऊन उभे राहिले. पूजेचे ताट त्यांनी छातीशी धरले, आणि ताटातील कलशाला टेकवून उभे केलेले कार्ड घसरू नये म्हणून त्यावर डाव्या हाताचा अंगठा अलगद दाबून धरला.

"काका, कारड जरा बाजूला घ्या ना," मनोज म्हणाला. "उगाच नजर तिथं जाते."

"जाऊ दे नजर! कारड न्हाय दिसला तं फोटो काडतंस कशाला?"

मनोजने फोटो काढला. त्याचा कॅमेरा नवा व अतिशय प्रामाणिक होता. पाडव्याच्या सकाळी 'भावी पंचायत समिती सदस्य मा. श्री. केसरीनाथशेठ केणे यांजकडून हार्दिक शुभेच्छा' असा मजकूर आणि त्याखाली शेठांची कमरेपासून वरची भव्य मूर्ती नाक्यावर झळकली. शेठ दिवसातून तीनदा गाडीने त्याखालून जात. एकदा कामासाठी आणि दोनदा फलकासाठी.

बारा दिवसांनी, सकाळी शेठ झोपाळ्यावर चहा घेत असताना, त्यांची सून दिपाली त्यांचा चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात घेऊन बाहेर आली. ही मुलगी कल्याणची, वाणिज्य शाखेची पदवीधर. आणि घरात येणारा प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची तिला खोड होती, जी केणे कुटुंबात नवीन होती.

"पप्पा, तुम्ही लंडनहून बूट मागवलेत?"

"मी?"

"चार जोड. शिवाय अत्तर. शिवाय एक मनगटी घड्याळ. एकूण एक लाख सत्याऐंशी हजार चारशे रुपये. काल दुपारपासून बँकेचे सहा मेसेज आलेत, पप्पा. आणि हे काय? प्रत्येकाला तुम्ही 'आपणांसही शुभेच्छा' असं उत्तर पाठवलंय?"

"दिवालीचा येतंय ता सगला शुभेच्छाच असतंय ना?" शेठ म्हणाले.

दिपालीने दहा मिनिटांच्या आत कार्ड बंद करवले, सायबर फसवणुकीसाठीच्या एकोणीसशे तीस या क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला कळवले आणि मग कंबरेवर हात ठेवून विचारले, "आता सांगा. कार्डाचा नंबर कुणाकुणाला दिला होतात?"

"कुनालाच न्हाय! मना काय येडा समजलीस? कारड तिजोरीत, तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला."

"पण ओटीपी?"

"कसला ओटीपी? न्हाय आला."

"परदेशी साइटवर तो लागत नाही. नुसते आकडे पुरतात. बँक म्हणतेय, तीन दिवसांत कळवलं आणि आपली चूक नसेल, तर पैसे परत मिळतील. आपली चूक निघाली, तर मात्र एक रुपयासुद्धा नाही."

"मंग मिलाला समज," शेठ म्हणाले. आपली चूक ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी पाहिलेली नव्हती. तिच्याविषयी ते केवळ इतरांकडून ऐकून होते.

तिजोरी बंद, किल्ली कमरेला, म्हणजे चोर घरातलाच, हा निष्कर्ष शेठांनी एकट्याने आणि अत्यल्प वेळात काढला. बारा वाजता त्यांनी ओटीवर सारे घर जमा केले, मध्ये पाटावर नारळ ठेवला आणि फर्मावले, "एकेकानं नारलावर हात ठेवून बोला."

"माझा पन हात?" कमळाबाई म्हणाल्या. "बूट घालून मी काय मासली आनाया जातंय?"

तरीही त्यांनी हात ठेवला. दिपालीने ठेवला. मनोजची पाळी आली, तेव्हा शेठ त्याच्या खिशाकडे पाहत म्हणाले, "फोन नवा दिसतंय."

"हप्त्यावर घेतलाय, काका."

"कारड आनाया बॅंकेत माझ्याबरोबर तूच आल्तास ना?"

मनोज क्षणभर नारळाकडे पाहत राहिला. या काकांच्या प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक सणाला, भर उन्हात शिडीवर चढून त्याने त्यांचा चेहरा टांगला होता. त्याने नारळावर हात ठेवला नाही. त्याने चपला घातल्या.

"काका, आजपासून तुमचा बॅनर मी लावनार न्हाय," तो फाटकाशी वळून म्हणाला. "आनि जो लावलाय, तो उतरवनार बी न्हाय."

ही धमकी म्हणून शेठांना काहीशी सौम्य वाटली.

तिसऱ्या दिवशी भिवंडीत सायबर विभागाकडे सविस्तर जबाब देण्यासाठी दिपालीने गाडी काढली. वडप्याच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे वाहने खिळून उभी होती. अर्ध्या तासात गाडी एका कंटेनराच्या अंतराने पुढे सरकली. तेवढ्यात त्या विभागातील हवालदार बाळाराम यांचा फोन आला. दिपालीने तो स्पीकरवर घेतला.

"शेठ, तुमी येईपर्यंत मी अर्ज भरून ठेवतो. कार्डाचा नंबर सांगा."

"कारड घरी हाय, तिजोरीत," शेठ म्हणाले.

"लिहून घ्या," दिपाली म्हणाली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर पाहत, चार-चारच्या चार तुकड्यांत सोळाही आकडे तिने संथपणे सांगितले.

शेठांचा ऊर भरून आला. "तुना पाठ हाय?"

"मुदत कधीपर्यंत?" हवालदारांनी विचारले. तिने तीही सांगितली.

"बरं. आता ते शेवटचे तीन आकडे असतात ना, ते सांगू नका हां. ते गुप्त असतात."

"तेही दिसतायत," दिपाली म्हणाली. "पप्पा, मला काही पाठ नाही. जरा वर बघा."

शेठांनी वर पाहिले. वीस फूट रुंद आकाशात ते स्वतः प्रसन्न मुद्रेने उभे होते. त्यांच्या छातीशी ताट होते, ताटात कलश होता, आणि कलशाला टेकून, एखाद्या दुकानाच्या पाटीएवढे, ते कार्ड होते. प्रत्येक आकडा वीतभर उंचीचा होता. कुंकवाचे एक बोट सर्व आकडे कसोशीने टाळून कोपऱ्यात उमटले होते.

मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

"फोटो बरा आलाय पन," अखेर शेठ म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी दिपालीला बाजूला घेतले. बँकेला हे फलकाचे कशाला सांगायचे? तिजोरी बंद होती, हे खरेच होते. किल्ली कमरेला होती, हेही खरे होते. तेवढेच लिहावे. दिपाली काही बोलण्यापूर्वीच कमळाबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी पाट मांडला, त्यावर परवाचाच नारळ ठेवला, आणि पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"ठेवा हात."

शेठांनी खरे ते लिहिले.

आठवड्याने बँकेतून बोलावणे आले. व्यवस्थापिका यामिनीबाई वयाने लहान, बोलण्यात गोड. परंतु मुख्य कार्यालयाकडून आलेले पत्र मुळीच गोड नव्हते. त्यात प्रश्न केला होता: 'सदर फलक सार्वजनिक ठिकाणी होता, हे ग्राहकास मान्य आहे. तथापि तो जनतेच्या वाचनात येत होता काय?'

"काका, नीट विचार करून उत्तर द्या," यामिनीबाई म्हणाल्या. "लोक तो फलक बघत, वाचत असतील, तर तुम्ही स्वतःच नंबर जगजाहीर केला असं ठरतं. मग पैसे विसरा. पण फलकाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, असं दाखवता आलं, तर मी वर भांडू शकते." (बँकांच्या तर्कशास्त्राचे परीक्षण करण्याचे हे स्थळ नव्हे. ज्या संस्था मागितल्याशिवाय कर्ज देतात आणि मागितल्यावर देत नाहीत, त्यांचे तर्कशास्त्र सर्वस्वी स्वतंत्र असते.)

"ढुंकून बघत न्हाय?" शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, त्या बॅनरला चालीस हजार रुपये खर्च केलाय मी! अख्खी भिवंडी बघते! नाशिकला जानारा बघते! आना तो कागद, आता लिवून देतंय..."

त्यांनी लेखणी कागदावर टेकवलीही होती. टेबलाखाली दिपालीने त्यांच्या पायावर टाच दिली.

"आम्ही दोन दिवसांत पुरावा आणतो, मॅडम," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर शेठ मनाशी हिशेब मांडत राहिले. आपण जनमानसात आहोत, असे म्हणावे तर पैसे जातात. पैसे आणावेत तर जनमानसातून जावे लागते. निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्या माणसावर असा प्रसंग कोणा वैऱ्यानेही आणू नये. अखेर पूर्वजांचा व्यवहारीपणा विजयी झाला. दिपालीने एक निवेदन तयार केले: 'आम्ही खाली सही करणारे सदर नाक्यावरून नित्य ये-जा करतो. श्री. केसरीनाथ केणे यांच्या फलकाकडे आमचे आजतागायत लक्ष गेलेले नाही.'

शेठांची कल्पना अशी, की अशा कागदावर सही करायला लोकांना जड जाईल, संकोच वाटेल, दहा-बारा सह्या कशाबशा मिळतील. तसे झाले नाही. नाक्यावर केस कापणारे लडकू फलकाच्या अगदी समोर खुर्ची मांडून बसत. त्यांनी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून सही केली.

"तो तुमचा व्हता?" लडकूंनी विचारले. "आमाला वाटला पतपेढीच्या चेअरमनचा. मिश्या तशाच हायेत."

फलकाच्या नेमक्या खाली बसून मासळी विकणाऱ्या चंद्राबाई म्हणाल्या, "बॅनर? मना त्याची सावली तेवढी ठावी, बाय. सावली झ्याक पडते. कुठं अंगठा करू?"

"वर बघितलाच न्हाय कंदी?" शेठांनी न राहवून विचारले.

"वर बघून बोंबील इकले जातंय काय?"

दुपारपर्यंत लोक आपण होऊन घरी येऊ लागले. शेजारचे विठूअण्णा दोन्ही मुलांना घेऊन आले. पलीकडच्या आळीत कागद आणला नाही, म्हणून एकाने रुसवा धरला. पंचायत समितीच्या उमेदवारीसाठी शेठांनी मागे पाठिंब्याच्या सह्या गोळा केल्या होत्या, त्या सतरा भरल्या होत्या. या कागदावर एका दिवसात एकसष्ट झाल्या.

बासष्टावी सही कमळाबाईंनी, कोणी न सांगता, केली.

"तू? तू तं माझ्याबरोबर बसून गेलीस त्याच्याखालून!"

"तुमीच बाजूला बसलेलं असता," कमळाबाई शांतपणे म्हणाल्या. "वरचा कशाला बघू?" हे वाक्य प्रेमाने उच्चारले गेले की कसे, हे शेठांना पुढे अनेक दिवस ठरवता आले नाही.

राहिली एक. फलक लावणाऱ्याचा जबाब हवा, असे यामिनीबाईंनी बजावले होते. शेठ मनोजच्या दुकानात गेले आणि एका उलट्या डब्यावर बसले.

"चाय मागव," ते म्हणाले. आपल्याकडील थोर पुरुष क्षमा मागतात, ती याच शब्दांत.

"चाय तुमी मागवा," मनोज संगणकावरून नजर न काढता म्हणाला. "आनि नारल ज्यांच्यासमोर ठेवलात, त्यांच्यासमोर मागवा."

त्या संध्याकाळी ओटीवर पुन्हा सारे घर जमले. पाटावर नारळाच्या जागी चहाची किटली होती. शेठ घसा साफ करून उभे राहिले. "मनोज चोर न्हाय," ते म्हणाले. इतके बोलून ते खाली बसू लागले, पण कोणीच कप उचलेना, म्हणून पुन्हा उठले. "तो बोलला व्हता, कारड बाजूला घ्या. मीच ऐकला न्हाय. चूक माझी." हा शब्द त्यांच्या तोंडातून प्रथमच बाहेर पडत असल्याने जरा अडखळत आला; परंतु आला. मनोजने कप उचलला, एक घोट घेतला आणि त्रेसष्टावी सही केली. सहीखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिले: 'मी फक्त चारी टोके सरळ आहेत का ते बघतो. मधे कोण आहे ते बघत नाही.'

वीस दिवसांनी बँकेचे पत्र आले. दिपालीने ते मोठ्याने वाचले. 'ग्राहकाने सादर केलेल्या विपुल पुराव्यांवरून, सदर फलकाकडे परिसरातील कोणाही व्यक्तीचे लक्ष गेलेले नाही, जात नाही आणि जाण्याची शक्यताही दिसत नाही, हे निर्विवाद सिद्ध होते. सबब रुपये एक लाख सत्याऐंशी हजार चारशे ग्राहकाच्या खाती परत जमा करण्यात येत आहेत.'

"जाण्याची शक्यताही," शेठ पुटपुटले. "हा कोनी मागितला व्हता त्यांच्याकडं?"

पैसे मिळाले होते. घरात शिरा झाला. परंतु शेठ झोपाळ्यावर खिन्न बसून होते. फलक मनोजने त्याच सकाळी उतरवला होता, आणि नाक्यावर कोणी त्याविषयी विचारलेसुद्धा नव्हते. विचारले ते एकट्या चंद्राबाईंनी. त्यांच्या बोंबलांवर ऊन आले होते.

तोच हवालदार बाळाराम यांचा फोन आला. चोर सापडला होता. चांगला टाय लावणारा, सुशिक्षित, विमा कंपनीतला गृहस्थ होता. नाशिकला निघाला होता, वडप्याच्या नाक्यावर दोन तास अडकला, करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून समोरचा फलक वाचत बसला, आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून घेतले.

शेठ ताठ झाले. त्यांच्या निस्तेज डोळ्यांत हळूहळू तेज आले. म्हणजे एक माणूस होता! अवघ्या पंचक्रोशीत नसेना का, पण या जगाच्या पाठीवर एक शिकलेला, टाय लावणारा माणूस असा होता, की ज्याने तो फलक पुरता दोन तास पाहिला. पाहिला आणि आवडून जवळ ठेवला.

"हवालदारसाहेब," शेठांनी आवाज जरा खाली आणला. "तो फोटो तुमी बघितलात?"

"पुरावा हाय, शेठ. बघनारच."

"मंग... कसा दिसतंय मी त्याच्यात?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"शेठ, त्यानं झूम करून फक्त कार्डाचा काढलाय," हवालदार म्हणाले. "तुमचा म्हनाल, तर कडेला थोडा अंगठा आलाय."